फॅटी लिव्हर आणि मायटोकॉन्ड्रिया: आधी काय बिघडतं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ४४, वजन ७८ किलो, उंची १६८ सेंटीमीटर. दारूला कधी शिवलेला नाहीत, घरी शाकाहारी जेवण. विम्याच्या तपासणीत सोनोग्राफीवर 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एसजीपीटी ७६ आणि एसजीओटी ४८, प्लेटलेट २ लाख १० हजार, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी ६.१. जिममधल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं की तुमच्या यकृतातले मायटोकॉन्ड्रिया मेलेत म्हणून चरबी जळत नाही, आणि कार्निटीन, कोएन्झाइम क्यू-टेन, अल्फा लिपोइक ॲसिड असा महिना साडेतीन हजारांचा संच सुचवला. हे खरं आहे का आणि बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया परत सुधारतात का, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली एकवीस वर्षं यकृताचेच रुग्ण पाहते आहे. गोळ्या घ्याव्यात की नाही हा तुमच्या प्रश्नाचा वरचा थर झाला. खरा प्रश्न त्याच्या खाली आहे. चरबी जाळणारी यंत्रणा आधी बिघडते आणि म्हणून चरबी साठते, की जाळून संपणार नाही इतका माल रोज येत राहतो? हा क्रम नीट कळला की उपाय कुठे करायचा तेही कळतं. तुमच्यासारख्या बहुतेक रुग्णांत आधी माल वाढतो. सुरुवातीची कित्येक वर्षं मायटोकॉन्ड्रिया जिवंत असतात आणि जीव तोडून काम करत असतात. ते थकतात आणि बिघडतात, ते नंतर.

शाळेत आपण त्यांना तंतुकणिका म्हणत होतो, पेशीचं ऊर्जाकेंद्र. यकृताच्या एकेका पेशीत त्या साधारण एक ते दोन हजार असतात, कारण यकृताचं काम अखंड चालतं. रात्री तुम्ही झोपता तेव्हा शरीरातल्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं यकृतात येतात, मायटोकॉन्ड्रिया ती जाळतात आणि त्या ऊर्जेवर यकृत रात्रभर साखर तयार करून मेंदूला पुरवतं. ओपीडीत मी यासाठी चुलीचं उदाहरण देते. मेदाम्लं म्हणजे सरपण, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे चूल. स्वयंपाकघरात लाकडांचा ढीग साचलेला दिसला म्हणून चूल विझली असा निष्कर्ष काढता येत नाही. दारात रोज किती मोळ्या उतरतायत ते आधी पाहावं लागतं.

मोळ्या तीन वाटांनी येतात. अमेरिकेत २००५ साली फॅटी लिव्हरच्या मोजक्या रुग्णांना खुणेचे अणू असलेलं अन्न देऊन यकृतातली चरबी कुठून आली ते मोजलं गेलं. सुमारे ५९ टक्के पोटावरच्या आणि इतर साठ्यातून सुटून आलेली होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिठापासून बनवलेली होती आणि जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. निरोगी माणसात यकृत स्वतः बनवतं ती चरबी याच्या मानाने अगदी थोडी, ५ टक्क्यांच्या आतबाहेर. 'डॉक्टर, मी तर तूप सोडलं, तळलेलं सोडलं, तरी रिपोर्ट तोच' असं रोज कुणीतरी म्हणतं. त्या तक्रारीचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. तूप सुटलं, पण दिवसातून पाच वेळा गोड चहा तसाच राहिला.

आता चुलीच्या तोंडाशी या, कारण सगळी मेख तिथे आहे. लांब साखळीची मेदाम्लं मायटोकॉन्ड्रियात आपोआप शिरत नाहीत. सीपीटी-वन नावाचं एक विकर (एन्झाइम) दारावर उभं असतं, ते मेदाम्लाला कार्निटीन जोडून आत सोडतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढलं आणि यकृत साखरेपासून चरबी बनवायला लागलं की त्या कामात मॅलोनिल-कोए नावाचा एक मधला पदार्थ तयार होतो, आणि तोच सीपीटी-वनला अडवतो. निसर्गाचा हिशोब सरळ आहे: चरबी बनवण्याचं काम चालू असताना ती जाळायची नाही. दोन जेवणांत पुरेसं अंतर असलेल्या माणसात हा हिशोब उत्तम चालतो. पण सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दर दोन तासांनी काहीतरी गोड किंवा पिठूळ तोंडात पडत असेल, तर दार दिवसभर अडवलेलंच राहतं. चूल चांगली असते, सरपणही हाताशी असतं, पण तोंडावर झाकण बसलेलं असतं.

म्हणूनच आपल्याकडच्या उपवासाबद्दल मी रुग्णांशी आवर्जून बोलते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे लाडू आणि वर केळ्याची शिकरण. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते यकृताच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्या दिवशी इन्सुलिन इतर दिवसांपेक्षाही चढं राहू शकतं आणि श्रद्धेने केलेल्या उपवासात मायटोकॉन्ड्रियाचं दार मात्र बंदच राहतं.

झाकण असूनही माल इतका येतो की यकृताला जास्त जाळावंच लागतं. २०११ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या संशोधकांनी दाखवलं की यकृतात भरपूर चरबी असलेल्या माणसांत मायटोकॉन्ड्रियामधलं सायट्रिक ॲसिड चक्र, म्हणजे ज्वलनाचं मुख्य चाक, जवळजवळ दुप्पट वेगाने फिरत होतं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला २०१५ साली यकृताचे तुकडे घेऊन थेट मोजमाप झालं. लठ्ठ माणसांच्या यकृतातल्या मायटोकॉन्ड्रियाची श्वसनक्षमता सडपातळ माणसांच्या चार ते पाच पट निघाली, मग यकृतात चरबी असो वा नसो. पण ज्यांच्या यकृतात चरबीबरोबर दाहही होता, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाची संख्या जास्त असूनही क्षमता ३१ ते ४० टक्क्यांनी घटलेली होती. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण हेच आहे. आधी यंत्रणा वाढीव काम अंगावर घेते, आणि एका टप्प्यावर तिला ते पेलत नाही.

का पेलत नाही? चुलीत कोंबून सरपण भरलं की धूर होतो. मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी बनतं. गर्दी झाली की काही इलेक्ट्रॉन मधेच निसटतात, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात, आणि ते सर्वांत जवळ जे सापडेल त्यावर तुटून पडतात. जवळ असतो मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए. तो आईकडून आलेला, ३७ जनुकांचा, आणि केंद्रकातल्या डीएनएसारखं हिस्टोन प्रथिनांचं वेष्टण त्याला नाही. त्यातली १३ जनुकं नेमकी याच ज्वलनसाखळीची प्रथिनं बनवतात. धुराने चूल खराब होते, खराब चूल आणखी धूर करते. खराब झालेले मायटोकॉन्ड्रिया पेशी एरवी गिळून मोडीत काढते, पण चरबीने भरलेल्या पेशीत ही सफाईही मंदावते. फुटक्या मायटोकॉन्ड्रियातून डीएनए बाहेर सांडतो. मायटोकॉन्ड्रियाचे पूर्वज जिवाणू होते, त्यामुळे तो डीएनए शरीराच्या संरक्षक पेशींना जंतूसारखाच वाटतो आणि दाह सुरू होतो. दाह टिकून राहिला की यकृतातल्या तारकापेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. त्या धाग्यांना आम्ही फायब्रोसिस म्हणतो. पुढे सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत धाग्यांनी भरून कडक होण्यापर्यंत, नेणारी वाट ती हीच.

शिकत असताना आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी फॅटी लिव्हरची स्लाइड दाखवली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे. गुलाबी पेशींमध्ये गोल, स्वच्छ, पांढरी भोकं. तुकडा तयार करताना चरबी विरघळून जाते आणि तिची जागा रिकामी दिसते. मग त्यांनी दाह असलेल्या रुग्णाचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो समोर ठेवला. मायटोकॉन्ड्रिया फुगून अवाढव्य झालेले, आतल्या घड्या विस्कटलेल्या आणि त्यांच्या जागी समांतर रेघांचे स्फटिकासारखे पट्टे. थकणं हा शब्द मी वापरते तेव्हा माझ्या मनात तो फोटो असतो.

मायटोकॉन्ड्रिया खरोखर आधी बिघडले तर काय होतं, हेही आम्हाला माहीत आहे, आणि ते चित्र फार वेगळं असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत क्वचित होणारं तीव्र फॅटी लिव्हर, विषाणूच्या तापात ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांमधला रे सिंड्रोम, काही जणांत व्हॅल्प्रोएट या फिट्सवरच्या औषधाचा दुष्परिणाम: यांत चरबीचे थेंब अगदी बारीक असतात आणि रुग्ण काही दिवसांत किंवा आठवड्यांत गंभीर होतो. १९९३ साली अमेरिकेत हिपॅटायटिस बी साठी फियालुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी चालू होती. ते औषध मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत घुसत होतं. १५ पैकी ७ जणांचं यकृत निकामी झालं, ५ जण गेले, उरलेले दोघे यकृत प्रत्यारोपणाने वाचले. तुमचे मायटोकॉन्ड्रिया 'मेलेले' असते तर तुम्ही जिममध्ये गेलाच नसता.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. थेंबाच्या रूपात साठलेली चरबी हा यकृताने स्वतःला वाचवण्याचा एक मार्ग आहे. मोकळी मेदाम्लं पेशीला विषारी असतात, त्यांचं ट्रायग्लिसराइड करून थेंबात कोंडलं की ती निरुपद्रवी होतात. २००७ साली उंदरांत हे थेंब बनवणारं विकरच अडवून पाहिलं. यकृतातली चरबी कमी झाली, पण इजा आणि फायब्रोसिस वाढला. त्यामुळे सोनोग्राफीवरचा ग्रेड किती एवढ्याने मी घाबरत नाही आणि निर्धास्तही होत नाही.

इथवरचं थोडक्यात: माल वाढतो, दार अडतं, चूल जास्त जळते, धूर होतो, चूल बिघडते, मग दाह आणि धागे. तुम्ही या रांगेत कुठे उभे आहात ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. मधुमेह असेल तर वेग वाढतो. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार वारशाने आला असेल तर थेंबांतली चरबी सुटायला अडचण होते आणि वजन बेताचं असूनही यकृत बिघडू शकतं. थोडी दारूसुद्धा मायटोकॉन्ड्रियामधलं चरबीचं ज्वलन मंदावते, म्हणून 'कधीतरी दोन पेग' असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर वेगळं असतं. तुमचा तो प्रश्न नाही. तुमचा बीएमआय मात्र २७.६ येतो आणि आपल्या लोकांत २३ च्या वर जोखीम धरतात. कंबर लिहिलेली नाही, ती मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या आत हवी.

आता तो साडेतीन हजारांचा संच. कार्निटीन दारावर लागतं, मग ते जास्त घेतलं तर चरबी जास्त आत जाईल, हा तर्क ऐकायला पटतो. पण तुमच्या शरीरात कार्निटीनची टंचाई नाही. यकृत ते स्वतः बनवतं, दूध-दह्यातूनही थोडं मिळतं. दार अडवलंय ते मॅलोनिल-कोएने. व्हॅल्प्रोएटच्या विषबाधेत आम्ही कार्निटीन देतो, तिथे त्याचं काम आहे. क्यू-टेन आणि लिपोइक ॲसिडच्या काही लहान चाचण्यांत एसजीपीटी थोडं उतरलं, पण फायब्रोसिस मागे हटतो असं त्यांतून सिद्ध झालेलं नाही. मी हा संच लिहून देत नाही, तुम्हीही घेऊ नका. त्याच पैशांत महिनाभराची मूग-मटकी, ताक, पनीर आणि भाजी येते. धूर कमी करणाऱ्यांत ई जीवनसत्त्वाला मात्र थोडा आधार आहे. २०१० च्या अमेरिकी चाचणीत मधुमेह नसलेल्या आणि बायॉप्सीत (यकृताचा तुकडा तपासून) दाह दिसलेल्या रुग्णांना रोज ८०० युनिट ९६ आठवडे दिलं, तेव्हा दाह कमी झाला. पण दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर वाढलेला दिसला. म्हणून ते मनाने सुरू करायचं नाही.

जिमचा उल्लेख आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. 'फॅट बर्नर' म्हणून डीएनपी नावाची पावडर काही ठिकाणी चोरून विकली जाते. डायनायट्रोफिनॉल. ती मायटोकॉन्ड्रियामधली ऊर्जा बनवण्याची जोडणीच तोडते, सगळं ज्वलन नुसतं उष्णतेत जातं. १९३३ नंतर अमेरिकेत ती वजन घटवायला सर्रास वापरली गेली, ताप चढून माणसं मेली, मोतीबिंदू झाले आणि १९३८ मध्ये ती माणसाने खाण्यास अयोग्य ठरवली गेली. तिला उतारा नाही. कुणी कितीही विश्वासाने दिली तरी हात लावू नका. यकृतासाठी म्हणून गुळवेलीचे काढे आणि गोळ्याही महिनोन् महिने घेऊ नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले आहेत.

चूल पेटवणारं औषध नाहीच का? आहे. रेस्मेटिरॉम हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. यकृतातल्या थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहकावर काम करून ते मायटोकॉन्ड्रियाचं ज्वलन वाढवतं. सेमाग्लुटाइडला याच आजारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे मान्यता मिळाली. ते भूक कमी करून मालच कमी करतं. दोन्ही दाह आणि मध्यम ते बऱ्यापैकी फायब्रोसिस असलेल्यांसाठी, आणि दोन्ही आहार-व्यायामाच्या जोडीने.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मनापासून आनंदाने देते: हो, सुधारतात. उंदरांच्या यकृतात निम्मे मायटोकॉन्ड्रिया सुमारे १० दिवसांत बदलले जातात, हे १९६१ सालीच मोजलं गेलं होतं. माणसातही यकृत सतत जुने मोडून नवे बनवत असतं. २०२० सालच्या एका अभ्यासात दहा जणांना फक्त ६ दिवस अत्यंत कमी कर्बोदकांचा आहार दिला. वजन ३ टक्के उतरलं, पण यकृतातली चरबी ३१ टक्क्यांनी घटली, कारण इन्सुलिन उतरलं, दार उघडलं आणि मायटोकॉन्ड्रियानी मेदाम्लं जाळून कीटोन (चरबीच्या ज्वलनातून बनणारं इंधन) बनवायला सुरुवात केली. चूल चालू होती याचा याहून चांगला पुरावा काय असणार? हा आहार तुम्ही करा असं मी म्हणत नाही, तो फार दिवस झेपत नाही. दार उघडण्याचा सोपा रस्ता आहे.

गेल्या वर्षी तुमच्याच वयाचे एक एसटी कंडक्टर आले होते, आकडेही जवळपास तुमचेच. आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून आणा म्हटलं. तिकिटाच्या कोऱ्या रोलच्या मागे त्यांनी बारीक अक्षरात सगळं लिहून आणलं. सकाळी ५.१० चहा-बिस्किटं, ७.४० चहा, ९ ला पोहे-चहा, ११.३० उसाचा रस, २ ला चार पोळ्या-भाजी-भात, ४ ला चहा-खारी, ६ ला चहा, रात्री १०.४५ ला भाकरी, आमटी, भात. पाच वेळा चहाबिहा धरून साखर मोजली तर दिवसाला १२ चमचे, रस वेगळा. आम्ही तेल-तुपाला हातच लावला नाही. चहा दोनदा आणि बिनसाखरेचा, रस बंद, रात्रीचा भात बंद आणि शेवटचं जेवण ड्युटीप्रमाणे जमेल तितकं लवकर. दोन्ही जेवणांत वाटीभर डाळ किंवा उसळ जास्त. जेवल्यावर डेपोच्या आवारात वीस मिनिटं चालणं. पाच महिन्यांत सहा किलो उतरले आणि एसजीपीटी ८१ वरून ३४ वर आलं. सगळ्यांचं इतकं होत नाही, पण बऱ्याच जणांचं होतं.

व्यायामाचा भाग इथे नीट समजून घ्या, कारण तो फक्त वजनासाठी नाही. जेवणातली साखर स्नायूंनी उचलली नाही तर ती यकृताकडे वळते आणि तिथे तिची चरबी बनते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २०११ साली दाखवलं गेलं की एकदाच ४५ मिनिटं व्यायाम केला तरी त्यानंतरच्या जेवणातून यकृतात होणारी चरबीची निर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी घटते. आणि काही आठवड्यांत स्नायूंमध्ये नवे मायटोकॉन्ड्रिया तयार होतात. म्हणजे यकृतातल्या चुलीला मदत हवी असेल तर मांड्यांमध्ये नव्या चुली मांडा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन-तीन दिवस वजनांचा व्यायाम, एवढं धरून चला. वजनाचं लक्ष्य म्हणाल तर ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो उतरले तर दाह ओसरण्याची चांगली शक्यता असते, आणि १० टक्के, म्हणजे ७.८ किलो, उतरले तर फायब्रोसिससुद्धा मागे हटू शकतो. महिन्याला दीड-दोन किलोपेक्षा घाई नको. कडक उपासमारीने मेदाम्लांचा लोंढा एकदम सुटतो आणि आजारी यकृताला तो सोसत नाही.

शेवटी तुमच्या धाग्यांचा, म्हणजे फायब्रोसिसचा, हिशोब. वयाला एसजीओटीने गुणा: ४४ गुणिले ४८ म्हणजे २११२. प्लेटलेट हजारांत घ्या, २१०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. ७६ चं वर्गमूळ ८.७, गुणाकार साधारण १८३०. भागाकार १.१५. याला फिब-फोर म्हणतात. १.३ च्या खाली असेल तर बऱ्यापैकी फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञाकडे जायलाच हवं. तुमचा आकडा आज बरा आहे. पण एचबीए१सी ६.१ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून एकदा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या आणि त्यातला किलोपास्कलचा आकडा ८ च्या आत आहे ना ते पाहा. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी झाली नसेल तर तीही करा, एसजीपीटी वाढायला ती कारणं असू शकतात. आणि पुढचे सात दिवस तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट लिहून काढा, चहातल्या साखरेच्या चमच्यांसकट.